पगारातून दान, पण पावती कोणाच्या नावाची?



गेल्या महिन्यात सालेकसाहून आम्ही सात-आठ जणी डोंगरगडला, चंद्रगिरीला गेलो होतो. १८ फेब्रुवारी २०२४ ला आचार्यश्री विद्यासागरजी महाराजांची समाधी तिथे झाली, तेव्हापासून आमचे जाणे वाढले आहे. दरेकसा मागे पडले, डबे उघडले आणि गप्पा रंगल्या. एकीचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. दर महिन्याला त्याच्या पगारातून तीनशे रुपये कापून अंध मुलांच्या शाळेला जातात, त्याने स्वतः तसे लिहून दिले आहे. सगळ्यांनी कौतुक केले. लगेच दुसरी म्हणाली, "मग आपल्या दुकानातल्या माणसांच्या पगारातूनही कापायला काय हरकत? महिन्याला पन्नास रुपये, गोशाळेला. त्यांनाही पुण्य लागेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, कारण हे आमच्या घरी होऊन गेले आहे.

आमचे धान्याचे दुकान. मी बी.कॉम., त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून रोजकीर्द नि खतावणी माझ्याकडे. काही वर्षांपूर्वी पर्युषणात आमच्याकडच्या मंडळींनी ठरवले की दुकानातल्या अकरा जणांच्या पगारातून दरमहा पन्नास रुपये गोशाळेसाठी बाजूला काढायचे. सगळ्यांना विचारले, सगळे "हो शेठजी" म्हणाले. हिशेब मीच लिहीत होते. ११ गुणिले ५० गुणिले १२, म्हणजे वर्षाचे ६,६०० रुपये. मार्च संपल्यावर आयकराचे कागद लावायला बसले, तर हातात आली ती पावती ६,६०० रुपयांचीच, आणि नाव दुकानाचे. ८०जीची सवलतही आमचीच. पोती उचलणाऱ्यांच्या घामाचा पैसा, आणि पुण्य नि कर-बचत दोन्ही शेठच्या खात्यात! त्या नोंदीवर माझेच अक्षर होते.

त्यानंतर एका हमालाच्या बायकोला मी सहज विचारले, पन्नास रुपये जड जातात का? ती म्हणाली, "काकू, धानाच्या हंगामात नाही जात. पावसाळ्यात जातात." पण नाही कोण म्हणणार? ज्याच्या हातून पगार घ्यायचा, तोच विचारतो आहे.

म्हणून पगारातून दान देऊ नये असे मी म्हणत नाही. उलट मला ही पद्धत फार पटते. श्रावकाच्या सहा आवश्यकांत दान आहे, आणि ते रोजचे आहे, देवपूजेसारखे, स्वाध्यायासारखे. आपण मात्र वर्षभर विसरतो आणि पर्युषणात बोली लागली की एकदम उत्साहात येतो. बोलीचा पैसा मोठा असतो, पण त्यावर शाळेचे स्वयंपाकघर दर महिन्याला चालत नाही. तीनशे रुपये बारा महिने आले, तर चालवणाऱ्याला किराण्याची यादी आधी करता येते. गृहिणीला हे वेगळे सांगायला नको.

थोडे-थोडे जमवण्याची आपल्या महाराष्ट्राला सवयही जुनी. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला बळ दिले आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. आपल्या समाजात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. मुलांच्या वसतिगृहासाठी घरोघर मूठभर धान्य मागितले, त्याला मुष्टिफंड म्हणत. आणि त्यांच्या लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही विकले. आधी घरचे गेले, हे मला महत्त्वाचे वाटते.

सरकारी नोकरीतल्या सुना-मुलींना हा प्रकार माहीत आहेच. पूर आला, करोना आला, की एक दिवसाचा पगार मुख्यमंत्री सहाय्यता निधीला. बहुतेक जण मनापासून देतात. केरळमध्ये २०१८ च्या पुरानंतर एका महिन्याचा पगार मागितला गेला, आणि ज्याला द्यायचा नाही त्याने तसे लिहून द्यावे असे ठरले. प्रकरण कोर्टात गेले. उच्च न्यायालयाने ही अट रोखली, सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. योग्यच झाले. 'मी देत नाही' असे साहेबाला लिहून द्यायला लावणे म्हणजे चारचौघांत मान खाली घालायला लावणे. लिहून घ्यायचेच, तर 'मी देतो' एवढे घ्यावे. १९३६ च्या मजुरीच्या कायद्यानेसुद्धा पंतप्रधान मदत निधीसाठी कपात करायची तर कामगाराची लेखी संमती मागितली होती.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी सांगितले आहे की दानाचे फळ विधी, द्रव्य, दाता आणि पात्र यांवरून ठरते. आपण पात्राची चर्चा पुष्कळ करतो, गोशाळा की शाळा. दाता कोण, हा प्रश्न आमच्या दुकानात कोणी विचारलाच नव्हता.

मी घरी बोलले. दोन दिवस अबोला होता, मग मुलाने ऐकले. कापलेले पैसे परत केले. आता कपात नाही. दुकान आपल्या नफ्यातून महिन्याला ठरावीक रक्कम देते. ज्याला द्यायचे आहे तो कागदावर लिहून देतो, कुठे द्यायचे तेही तोच लिहितो, आणि जेवढे तो देईल तेवढेच दुकान घालते. तो कागद माझ्याकडे असतो, गल्ल्यावर बसणाऱ्याकडे नाही. बंद करायचे असेल तर मला सांगायचे, कारण विचारले जात नाही. पावती त्याच्या नावाची येते. त्यातल्या बहुतेकांना कर लागत नाही, त्यामुळे ८०जी त्यांच्या कामाची नाही, पण नाव तर त्यांचे असते.

सध्या अकरापैकी चौघे देतात. दोघे गोशाळेला, एक गावच्या शाळेतल्या मुलांच्या वह्यांना, एक कचारगडच्या यात्रेत पाणी वाटणाऱ्यांना. सात जण देत नाहीत. आमच्याकडच्या मंडळींना अजूनही वाटते की अकराच्या अकरा द्यायचे तेव्हा बरे होते.

गाडीत हे सगळे सांगायला वेळ मिळाला नाही, डोंगरगड आले, म्हणून इथे लिहिले. ज्यांच्या घरी दुकान, मिल, दवाखाना आहे, त्यांनी पर्युषणाआधी एकदा जुन्या पावत्यांची फाइल काढा आणि नाव कोणाचे आहे ते वाचा.