दिघा : कुंपण कोठे घालायचे?

संघटनाशास्त्रात ‘प्रणाली सिद्धांत’ म्हणून जी विचारपद्धती रूढ झाली, तिचा उगम जीवशास्त्रात आहे. सजीवाचे अवयव सुटे करून कितीही तपासले तरी सजीव उमगत नाही. अवयवांचे परस्परसंबंध आणि परिसराशी चालणारी देवघेव हाच अभ्यासाचा विषय होय, असे लुडविग फॉन बर्टलान्फी यांनी प्रतिपादन केले. अर्थशास्त्रज्ञ केनेथ बोल्डिंग यांनी १९५६ मध्ये हा विचार सामाजिक शास्त्रांच्या दारी आणला. पुढे व्यवस्थापनाच्या विद्यालयांनी तो उचलला आणि बहुधा कारखान्याच्या कुंपणापाशीच थांबवला.

परंतु कुंपण कोठे घालायचे, हाच तर मूळ प्रश्न आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील दिघा पाहावा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले १९६२ मध्ये, सिडको १९७० मध्ये, नवी मुंबई महानगरपालिका १९९२ मध्ये. पहिल्याने कारखान्यांसाठी भूखंड, रस्ते, पाणी दिले. दुसऱ्याने वाशी-नेरूळसारखी नियोजित उपनगरे उभारली. तिसरीकडे नागरी सेवा आल्या. कारखान्यात राबणारा कंत्राटी मजूर रात्री पाठ कोठे टेकणार, हा प्रश्न मात्र या तिघांच्या मधल्या फटीत पडला. त्या फटीतच इमारती उगवल्या. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिघ्यातील ९९ अनधिकृत इमारतींवर कारवाईचा आदेश दिला. त्यांतील बहुतेक औद्योगिक महामंडळाच्या जमिनीवर होत्या.

चार-पाच मजली इमारत एका रात्रीत उभी राहत नाही. तरीही प्रत्येक कार्यालय आपापली फाईल दाखवून स्वतःला निर्दोष ठरवू शकते, आणि बिल्डर तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. सुटे अवयव तपासण्याची मर्यादा ती हीच. २०१७ मध्ये नगररचना कायद्यात ५२-अ हे कलम घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही बांधकामे नियमित करण्याची वाट काढण्यात आली. रोगाच्या मुळाशी न जाता तापाची तारीख ठरवण्याचाच हा प्रकार.

व्यवस्थेचा हेतू तिच्या घोषणापत्रात नव्हे, तिच्या प्रत्यक्ष कृतीत शोधावा, असे स्टॅफर्ड बिअर म्हणत. साल्वादोर आयेंदे यांच्या चिलीमध्ये १९७१ ते १९७३ या काळात त्यांनी सार्वजनिक उद्योगांसाठी टेलेक्सचे जाळे उभारण्यास साहाय्य केले. १९७२ च्या ऑक्टोबरात मालमोटारींचा संप झाला, तेव्हा रसद चालू ठेवण्यास ते जाळे उपयोगी पडले. पुढच्या वर्षी सत्ता बंदुकीने उलथली गेली. जाळ्याला त्यावर उपाय नव्हता. प्रणाली सिद्धांताचा कच्चा दुवा येथेच आहे. तो समतोलाची भाषा बोलतो, हितसंबंधांच्या संघर्षाची नाही.

बिअर यांच्या कसोटीवर दिघ्याच्या व्यवस्थेने काय केले? मजुराच्या निवाऱ्याचा खर्च उद्योगाच्या ताळेबंदातून काढून मजुराच्याच अंगावर टाकला. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. दिघ्यात त्याला छप्पर गमावण्याचे भय म्हणतात.

दोष केवळ शासनाचा नाही. कामगार संघटनांचे मागणीपत्रही बहुधा प्रवेशद्वारापाशीच संपते : वेतन, बोनस, फार तर घरभाडे भत्ता. कंत्राटी मजुरांच्या पुढील मागणीपत्रात घर हे पहिले कलम असावे, आणि ते केवळ मालकाला नव्हे, तर महामंडळ, सिडको व महापालिका या तिघांना एकाच बैठकीत, दिघ्याच्या रहिवाशांसमक्ष सादर व्हावे.