गाडीचं नाक आणि रस्त्यावरची टेंगळं

जमिनीलगत बसणाऱ्या स्पोर्ट्स कारचं नाक बटण दाबून वर उचलणारं यंत्र आपल्याकडच्या श्रीमंतांनी मोठ्या विश्वासाने विकत घ्यायला सुरुवात केली आहे. पोर्शे, फेरारी, लॅम्बोर्गिनी, मॅक्लारेन, सगळेच ते देतात. माझं म्हणणं सरळ आहे. गतिरोधक नियमाने बांधलेला असेल तर बहुतेक गाड्यांना हे यंत्र लागत नाही, आणि गतिरोधक बेकायदेशीर असेल तर ते पुरत नाही. म्हणजे ज्या कामासाठी आपण पैसे मोजतो, ते काम आपल्या रस्त्यांवर त्याच्याकडून होतच नाही.

हिशेब करून बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार गोलाकार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि मध्यावर १० सेंटिमीटर उंच. पोर्शे ९११ च्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.४५ मीटर. अशा उंचवट्यावर गाडी बरोबर मधोमध आली की पोटाखालची जागा जेमतेम साडेचार सेंटिमीटरनी कमी होते. चाक उंचवट्याच्या कडेला टेकलं असताना त्याच्या मीटरभर पुढे असलेल्या नाकाखाली रस्ता ८ सेंटिमीटर वर आलेला असतो. नाकाखाली ११-१२ सेंटिमीटर जागा मोकळी असलेली गाडी ब्रेकवर पाय न देता सावकाश गेली, तर कुठेही न घासता पार होते. शर्यतीच्या मैदानासाठी आणखी खाली बसवलेल्या गाड्यांना बटण लागेल, तळघरातल्या पार्किंगच्या उभ्या उतारावर तर नक्कीच लागेल. ते मला मान्य आहे.

आता हिरकणीवाडीला या. महाडहून नाते गावावरून रायगडाकडे निघालं की गडाच्या पायथ्याला ही वाडी लागते. रोपवेचं खालचं स्थानक इथेच आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. याच रस्त्यावर गतिरोधक म्हणून टाकलेल्या एका डांबराच्या ढिगावर एक लाल स्पोर्ट्स कार अडकलेली मी पाहिली. मालकाने बटण दाबलं, नाक दिमाखात वर आलं, पुढची चाकं ढिगापलीकडे उतरली आणि मग पोट खडीवर बसलं. तो आवाज ऐकून टपरीवरची पोरं धावली. त्यांनी जॅक लावला, मागच्या चाकांखाली फळ्या सरकवल्या आणि गाडी सोडवली. नंतर मी टपरीवाल्याकडून टेप मागून घेतली आणि ढीग मोजला. उंची सहा इंच, रुंदी दोन फूट. पांढरा पट्टा नाही, आधी सूचनाफलक नाही.

यंत्राचा पराभव नेमका कुठे झाला ते पाहा. ते फक्त पुढचा भाग उचलतं. ९११ मध्ये साधारण ४ सेंटिमीटर, तेही पाचेक सेकंदांत. नाक ४ सेंटिमीटर वर गेलं की गाडीचा मध्य २ सेंटिमीटरच वर जातो आणि मागचं चाक आहे तिथेच राहतं. पोटाखालचे बारा आणि हे दोन, चौदा. ढीग पंधरा सेंटिमीटरचा. नाक सुटलं, पोट अडकलं. ही साधी भूमिती आहे, आणि गाडी विकताना ती कुणी समजावून सांगत नाही याचा मला संताप येतो.

वजनाचं काय? या गाड्या बनवणारे ग्रॅमाग्रॅमासाठी भांडतात. पोर्शेने मागच्या पिढीच्या ९११ जीटी३ आरएसचं छत मॅग्नेशियमचं केलं, दाराला आतून मुठीऐवजी कापडी पट्टी लावली. सध्याच्या पिढीची हातगिअरची जीटी३ १४१८ किलोंवर आणून दाखवली. आणि त्याच गाडीत गिऱ्हाईक विजेचा पंप, तेलाची टाकी, झडपा, दाबाच्या नळ्या आणि दोन सिलिंडर बसवून घेतं. पाच सेकंदांच्या कामासाठी हा ऐवज गाडी जन्मभर वागवते.

भरवशाचं बोलायचं तर महाडसारख्या ठिकाणी मी या यंत्रावर विसंबणार नाही. सिलिंडर पुढच्या चाकांच्या कमानीत, शॉकअॅब्जॉर्बरवरच बसलेले असतात. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चाकं लाल चिखल थेट त्या कमानीत फेकतात. सिलिंडरचं रबरी सील चिखलातल्या बारीक वाळूने चरलं की तेल पाझरतं आणि नाक एका बाजूने उठतं किंवा उठतच नाही. पंपाच्या जोडण्यांना गंज लागला तरी तोच प्रकार. नाक वर अडकून बसलं तर आणखी वाईट, कारण मग चाकाला खाली जायला फारसा वाव उरत नाही, चाकांची ठेवण बदलते आणि वळणावर गाडीचा तोल बिघडतो. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना अशा गाडीत बसायला मी तयार नाही. दुरुस्तीला मुंबई-पुणं गाठावं लागतं, म्हणजे गाडी ट्रकवर घालावी लागते.

नव्या ९११ मध्ये उंचवट्याची जागा उपग्रहाच्या आधारे नोंदवून ठेवता येते, पुढच्या वेळी नाक आपोआप उठतं. ही सोय जिथे गतिरोधक वर्षानुवर्षं जागचा हलत नाही अशा देशात शोभते. आमच्याकडे कुणी मंत्री गडावर येणार म्हटलं की ढीग रातोरात खरवडले जातात, आणि पाहुणे परतले की दहा हात पुढे नवे उगवतात.

मला खरा राग या गाड्यांच्या मालकांचा आहे. त्यांचा फोन कलेक्टर उचलतो. बांधकाम खात्यातला साहेब त्यांना खुर्ची देतो. एवढं वजन असलेली माणसं ढिगाविरुद्ध एक अर्ज करत नाहीत, आपल्यापुरतं बटण विकत घेतात आणि निघून जातात. मागे राहते ती मिनीडोर रिक्षा. तिच्यात महाडला दवाखान्यात निघालेली आठव्या महिन्याची बाई बसलेली असते आणि त्याच सहा इंचांवर तिचा मणका आपटतो. रात्री बिनपट्ट्याच्या ढिगावरून मोटारसायकल उडते, तिला कुठलं बटण?

वाडीतल्या लोकांना मी दोष देणार नाही. पर्यटक गावातून सुसाट जातात, पोरं शाळेला जाताना रस्ता ओलांडतात, त्यांना गतिरोधक हवाच. त्यांनी मागितला होता गतिरोधक. ठेकेदाराने दिला उरलेल्या डांबर-खडीचा ढीग, त्यावर एकदा रोलर फिरवून. आणि ज्याने मोजायला हवं होतं, त्याने बिलावर सही केली. प्रमाणात बसणाऱ्या गतिरोधकाला फार तर चौपट माल आणि अर्धा दिवस जास्त मेहनत लागते. जोडून पावणेचार मीटर लांब केलेल्या प्लायवुडवर १७ मीटर त्रिज्येचा कंस आखून कापायचा, ती फळी उंचवट्यावर उभी धरायची, आणि खाली फट दिसली तर बिल अडवायचं. महाडचा कुठलाही सुतार ही फळी तासाभरात कापून देईल. पुढच्या खेपेला रायगडाला येणाऱ्या स्पोर्ट्स कारवाल्यांनी ती महाडहून मागवून घ्यावी आणि मोजमाप घेऊन, फोटो जोडून, तक्रार आपल्या नावाने नोंदवावी.