परस नसलेल्यांना परसबागेचा उपदेश

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडे देण्याचा निर्णय घेतला. जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे किंवा अन्य फळ मिळावे, अशी सोयही त्यात होती. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने कळविले की अंड्यासाठी व गोड पदार्थासाठी वेगळा निधी मिळणार नाही. हे पदार्थ द्यावयाचे असतील तर शाळा व्यवस्थापन समित्यांनी ते लोकसहभागातून द्यावेत. चौदा महिन्यांत मुलांच्या ताटातील अंडे सरकारी तिजोरीतून निघून वर्गणीच्या पावतीपुस्तकात जाऊन पडले. ‘लोकसहभाग’ हा शब्द समाजवादी चळवळीला प्रिय आहे. सत्तेत लोकांचा वाटा, असा त्याचा अर्थ होता. येथे त्याचा अर्थ खर्चात लोकांचा वाटा, एवढाच उरला.

ही एक सुटी घटना असती तर तिच्यावर निषेधाचा ठराव करून थांबता आले असते. परंतु तिच्या जोडीला एक संपूर्ण विचारसरणी उभी आहे. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शाळाशाळांतून परसबागा फुलविण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. राज्यात ‘उमेद’ अभियानाने बचत गटांतील स्त्रियांमार्फत पोषण परसबागांची मोहीम चालविली. कुपोषणाचा विषय निघाला की व्यासपीठावरून हटकून एकच सल्ला मिळतो: दारात शेवगा लावा, चार कोंबड्या पाळा, घरचे ताजे शिजवून खा. सल्ला वाईट नाही. सल्ला देणाऱ्याचा हेतू तपासला पाहिजे. जी गोष्ट हक्क म्हणून द्यावयाची ती सवय म्हणून शिकवायची, आणि मूल अशक्त राहिले तर आईने बाग नीट केली नाही असे म्हणावयास मोकळे व्हायचे, हा त्यातला खरा कावा आहे.

परसबागेची थोरवी गरिबाला कोणी शिकविण्याची गरज नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ, कुडावर चढविलेला दोडका, घोसाळे आणि कारले, उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवणारा भोपळा, दाराशी कढीपत्ता आणि चार मिरच्यांची झाडे, हे महाराष्ट्राच्या खेड्यात कोणत्याही मोहिमेच्या आधीपासून आहे. गावठी कोंबडीचेही तसेच. ती कण्या, कोंडा, किडे आणि खरकटे खाऊन जगते आणि रात्री डालग्याखाली झाकली जाते. नांगर, बैल आणि सात-बारा पुरुषाच्या नावावर असतात. कोंबडी मात्र घरातल्या बाईची मानली जाते. अडीअडचणीला तीच तिची पेढी. तेलमिठाला, पोराच्या वहीपेन्सिलीला, माहेरी जाण्याच्या भाड्याला कोंबडीचा पैसा उपयोगी पडतो, आणि त्याचा हिशेब तिला कोणापुढे मांडावा लागत नाही. या स्वातंत्र्याला हसणारा समाजवादी आपल्याच तत्त्वाला हसतो.

तथापि ज्या कोंबडीच्या जिवावर शासन आपली जबाबदारी टाकू पाहते तिचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे. व्यापारी कुक्कुटपालनातील संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते; गावठी कोंबडी साठच्या आसपास. घरात चार कोंबड्या आहेत असे धरू. वर्षाची अंडी २४० झाली. कोंबड्यांचा वंश चालायचा तर कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली अंडी ठेवावी लागतात. प्रत्येक कोंबडी वर्षात दोन वेळा दहा-दहा अंड्यांवर बसली तर ८० अंडी त्यात गेली. उरली १६०. घरात पाच माणसे असतील आणि एकही अंडे बाजारात गेले नाही, तर माणशी वर्षाला ३२ अंडी. आठवड्याला एकही पुरे नाही. निम्मी विकली गेली, आणि गरिबाघरी ती विकली जातातच, तर तीन आठवड्यांतून एक अंडे वाट्याला येते. या हिशेबात राणीखेतची साथ धरलेली नाही, घार, मुंगूस आणि रानमांजर धरलेले नाही. शाळेत मिळणारे आठवड्याचे एक अंडे या सगळ्या खटाटोपापेक्षा मुलाच्या पोटात अधिक घालीत होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी सुमारे पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. निधी झाकला म्हणून हा आकडा पुसला जात नाही.

दुसरा हिशेब श्रमाचा. परसबाग आपोआप फुलत नाही. तिला पाणी कोणी घालावयाचे? ज्या गावात पिण्याचा हंडा अर्ध्या कोसावरून आणावा लागतो तेथे वाफ्याला लागणारे पाणीही त्याच डोक्यावरून येते. खुराडे झाडणे, पिलांना राखणे, शेंगा तोडणे, पाला निवडणे, चूल पेटविणे, भाकऱ्या थापणे, ही कामे कोणाच्या वाट्याची, हे विचारण्याचीही गरज पडत नाही. केंद्र शासनानेच २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनमोबदला घरकाम करते. घरकामाला हात लावणारा पुरुष ९७ मिनिटे. असा हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस, स्त्रिया शंभरात एक्क्याऐंशी. या पाच तासांत परसबागेचा सहावा तास मिळवायचा आणि त्याला ‘महिला सक्षमीकरण’ म्हणावयाचे, हा शुद्ध मानभावीपणा आहे. घरचे ताजे अन्न अमृतासारखे असते, हे खरे. ते अमृत कोणाच्या कंबरेच्या किमतीवर तयार होते, हे जेवणाऱ्याने विचारलेले नसते.

आणि घराबाहेर तोच स्वयंपाक केला की त्याची किंमत शासन काय करते? शाळेत शेकडो मुलांचे जेवण शिजविणाऱ्या बाईला शासनाच्या कागदोपत्री ‘कामगार’ म्हणत नाहीत. ती ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ आहे आणि तिला मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. केंद्राने २००९ मध्ये ते दरमहा १,००० रुपये ठरविले, वर्षातून दहा महिने. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ केंद्राने त्यात एका रुपयाचीही भर घातली नाही. जी काही वाढ झाली ती राज्यांनी आपल्या पदरची केली. घरातील चूल फुकट पेटते म्हणून शाळेतील चूलही जवळजवळ फुकट पेटावी, हे या व्यवहारामागचे तर्कशास्त्र आहे.

तिसरा आणि सर्वांत मूलभूत हिशेब जमिनीचा. अलीकडे शहरातील सुस्थित कुटुंबांतून शेतघर घेऊन भाजीपाला पिकविण्याची, कोंबड्या पाळण्याची, घरीच पाव भाजण्याची हौस वाढली आहे. ज्याला परवडते त्याने ती जरूर करावी. मात्र ही हौस जेव्हा तत्त्वज्ञानाचा आव आणते, आणि प्रत्येक कुटुंबाने आपले अन्न आपण निर्माण केले तर ना बाजार लागेल ना सरकार, असे सांगू लागते, तेव्हा तिची वंशावळ तपासावी लागते. स्वावलंबी कुटुंबाची ही प्रतिमा मुख्यतः अमेरिकेतून आली. तेथे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहत करणाऱ्या कुटुंबाला १६० एकर जमीन नाममात्र शुल्कात दिली. पाच वर्षे तेथे राहून ती कसणे एवढीच मुख्य अट. त्या कायद्याखाली कालांतराने सुमारे २७ कोटी एकर वाटले गेले, आणि ती भूमी तेथील मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती. म्हणजे ज्याला सरकारची गरज नाही असे सांगितले जाते, त्या स्वावलंबी शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन सरकारनेच दिलेली होती. त्याच देशात गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना १८६५ च्या जानेवारीत ४० एकरांपर्यंतचे तुकडे देण्याचा लष्करी आदेश निघाला, आणि ते वर्ष संपण्यापूर्वीच तो फिरविला गेला. एकाच्या अंगणात कोंबड्या आणि दुसऱ्याच्या हाती वेठ, हा फरक उद्यमशीलतेचा नव्हता, जमिनीचा होता.

हा धडा गिरविण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. केरळात १९६९ च्या दुरुस्तीने जमीन सुधारणा कायद्याला जे स्वरूप आले, त्यानुसार जमीनदाराच्या जागेत झोपडी बांधून राहणाऱ्या शेतमजुराला झोपडीभोवतीची जागा विकत घेऊन मालक होण्याचा हक्क मिळाला: ग्रामीण भागात दहा सेंट, नगरपालिका क्षेत्रात पाच, महानगरात तीन. दहा सेंट म्हणजे महाराष्ट्राच्या भाषेत चार गुंठे. १ जानेवारी १९७० रोजी तो अमलात आला. कायदा कागदावर राहू नये म्हणून शेतमजुरांच्या संघटनांनी आंदोलन पुकारले आणि मजुरांनी आपापल्या झोपड्यांभोवती कुंपणे घातली. त्या कुंपणाच्या आत नारळ, केळ, सुरण आणि कोंबड्या आल्या. मालकाने हाकलले तर जायचे कोठे, ही भीती गेल्यानंतरच माणूस पाच वर्षांनी फळ देणारे झाड लावतो. केरळातील परसबाग आधी कायद्याने लागली, मग रोपांनी.

महाराष्ट्रात चित्र काय आहे? मराठवाड्यातील ऊसतोड मजुराचे कुटुंब वर्षातील कित्येक महिने कारखान्याच्या फडावर पालात राहते. त्याने शेवगा कोठे लावावा? गावाबाहेरच्या वस्तीत एका भिंतीला दुसरे घर लागलेले आहे; दाराबाहेर पाऊल टाकले की गटार. आदिवासी पाड्यात घराखालची जमीन वन खात्याची की कुटुंबाची, हा वाद २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरही अनेक ठिकाणी सुटलेला नाही. वीटभट्टीवरील मजूर, मुंबईच्या झोपडपट्टीतील घरकामगार, यांना परसबागेच्या बियाण्याचे पाकीट देणे म्हणजे अनवाण्याला बुटाचे पॉलिश देण्यासारखे आहे.

शासन घरोघरच्या खुराड्यापर्यंत पोहोचू शकत नाही, असेही नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला. भारतात तो प्रथमच आढळला होता. मोठ्या कुक्कुटपालन केंद्रांतील लाखो पक्ष्यांबरोबर आसपासच्या गावांतील घरगुती कोंबड्याही मारण्यात आल्या. रोगाचा फैलाव थांबविण्यासाठी ते आवश्यक होते, यात वाद नाही. वाद एवढाच की मारण्यासाठी जी यंत्रणा दारोदार पोहोचली, ती राणीखेतची लस घेऊन दरवर्षी तितक्याच तत्परतेने का पोहोचू नये? एका साथीत बाईची सगळी पेढी बुडते. त्या नुकसानाला ना विमा असतो, ना पंचनामा.

याउलट तमिळनाडूने शाळेच्या जेवणात १९८९ पासून अंडे दिले, आणि २०१० पासून आठवड्याला पाच. तेथे राज्याने मुलांच्या आयांना कोंबड्या पाळण्याचा उपदेश केला नाही. अंदाजपत्रकात तरतूद केली. पक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले, अंडे राहिले. अंडे हा मांसाहार असल्याने काहींच्या भावना दुखावतात, ही सबब महाराष्ट्रात पुढे केली जाते. ज्याला नको त्याच्यासाठी फळाची सोय होतीच. एकाच्या धार्मिक श्रद्धेसाठी दुसऱ्याच्या मुलाचे ताट रिकामे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

येथवर दोष शासनाचा झाला. चळवळीनेही आपल्या अंगणात डोकावले पाहिजे. कारखान्यातील बोनस हा राजकीय प्रश्न आणि स्वयंपाकघरातील टंचाई हा बायकांचा प्रश्न, अशी वाटणी अनेक कार्यकर्त्यांच्या मनात पक्की आहे. वस्तुतः १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाईविरोधी संयुक्त आघाडी उभारली आणि हाती लाटणी-थाळ्या घेऊन मुंबईचे रस्ते दणाणून सोडले, तेव्हा ही वाटणी मोडीत निघाली होती. तेल, रॉकेल आणि धान्य हे स्वयंपाकघरातील शब्द त्या स्त्रियांनी राजकारणाचे शब्द केले. त्यांच्या नावाने सभा भरविणाऱ्यांनी सभेनंतरच्या जेवणाची भांडी कोण घासते, हेही एकदा पाहावे.

तेव्हा परसबागेला विरोध हा समाजवादी कार्यक्रम होऊ शकत नाही. परसबागेसाठी लागणारी जमीन, पाणी, लस आणि वेळ मागणे हाच तो कार्यक्रम आहे. शालेय आहारातील अंड्याचा खर्च वर्गणीवर न सोडता राज्याच्या अंदाजपत्रकातून झाला पाहिजे. भूमिहीन कुटुंबाला घराभोवती किमान चार गुंठे जागा पतिपत्नीच्या संयुक्त नावाने मिळाली पाहिजे, त्यासाठी गावठाणांचा विस्तार झाला पाहिजे. गावठी कोंबड्यांचे लसीकरण पशुवैद्यकीय दवाखान्याच्या नियमित कामाचा भाग झाले पाहिजे. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांना कामगार म्हणून किमान वेतन मिळाले पाहिजे. येत्या ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी या चार मागण्यांचे ठराव मांडावेत. ते मांडताना गावातील स्त्रियांना मागच्या रांगेत बसवू नये. ठराव त्यांनाच वाचू द्यावा. कोंबडीचा, चुलीचा आणि हंड्याचा हिशेब त्यांना तोंडपाठ आहे. तो शासनाच्या दप्तरात नोंदविला जाईपर्यंत स्वस्थ न बसणे, हे चळवळीचे काम आहे.