लव्हाळ्याची ओळख

तुकोबांच्या अभंगाने लव्हाळा मराठी घराघरांत नेला. पण तो नेमका कोणता, हे बोट ठेवून दाखवा म्हटले तर पुष्कळांची पंचाईत होईल. म्हणून हा अभंग शिकवायला घेताना मी हल्ली सोनपेठच्या काळ्या रानातले एक रोपच टेबलावर ठेवतो. शेतकऱ्यांची मुले हसतात, "सर, हा तर मोथा!" बाकीची म्हणतात, "गवत!"

गवत मात्र ते नव्हे. त्याचा दांडा चिमटीत धरून फिरवावा. तीन कडा बोटांना लागतात. हरळीची काडी गोल आणि पेरापेरांची. लव्हाळ्याच्या दांड्याला मध्ये पेरच नाही, आणि आत पोकळी नसून भेंड भरलेले. पानेही बुडाशी तीन ओळींत. गवताची दोन ओळींत असतात. एवढे जमले की कूळ कळले. इजिप्तचा पपायरस याच कुळातला, आणि युरोपातल्या दलदलींत शेवाळात लपणारी वीतभर रोपेही याच कुळातली. तिकडचे लोकही त्यांना गवत समजून ओलांडून जातात, बरे का!

पण कुळापुढे खरी परीक्षा आहे. मोथ्याची भावंडे पुष्कळ, त्यांतल्या काहींचे तुरे पिवळसर. आपल्या लव्हाळ्याचा तुरा तांबूस-तपकिरी. तरीही संशय उरला तर रोप हलक्या हाताने खणून काढावे. मुळांना माळेसारख्या ओवलेल्या काळसर गाठी दिसतील. एक फोडून हुंगावी. १७५३ साली लिनियसने या तिधारी रोपाच्या नावात 'गोल' अर्थाचा लॅटिन शब्द घातला. त्याची नजर या गाठींवर असावी.

ही ओळख केवळ हौसेची नाही. खुरप्याने वरचा पाला कापला की गाठी खाली राहतात आणि पुन्हा फुटतात. फक्त गवतावर चालणारे तणनाशक फवारले तर गवत जळते, लव्हाळा डोलत राहतो. पैसे गेले ते गेलेच! खणून गाठी वेचणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावे लागत नाही.

शहरातल्या वाचकांना मात्र इतके लांब यायला नको. नरकचतुर्दशीच्या उटण्यात नागरमोथा असतो. बाजारात त्या नावाने लव्हाळ्याच्या गाठी मिळतात, कधी त्याच्या एखाद्या भावंडाच्या. यंदा उटणे भिजवण्याआधी चिमूटभर हुंगून पाहा. ओल्या मातीसारखा तो कडसर वास त्याचाच.