गाडी घुमायला लागली की

"गाडी घुमतेय रे तुझी," आई मागच्या सीटवरून म्हणाली. डोळे दाखवायला तिला पनवेलला नेत होतो. खालापूरजवळ द्रुतगती महामार्गाला लागून पाचच मिनिटं झाली होती. मी काचा वर केल्या, एसी बंद केला, पंखाही बंद केला. आवाज तसाच. पायाखालून येणारा, एकसुरी. ८० च्या पुढे सुरू व्हायचा, १०० च्या आसपास अंगात वारं आल्यासारखा चढायचा आणि ६० च्या खाली आलो की विरून जायचा. आमच्या साजगावातून खोपोलीपर्यंत तो कानावर आलाच नव्हता. खड्डे चुकवत तिसऱ्या गिअरमध्ये चालणाऱ्या गाडीत तो यायचाही नाही.

बेअरिंग गेलं असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि तेवढ्यावरच दोन महिने काढले. हे मी चुकीचं केलं. शेवटी खोपोलीतल्या आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्या काकांकडे गाडी उभी केली. ते आधी स्वतः गाडी घेऊन एक चक्कर मारून आले. वेगात असताना स्टीअरिंग किंचित डावीकडे, मग उजवीकडे केलं की गाडीचा भार एका बाजूला जातो. बेअरिंगचा आवाज असेल तर तो तेव्हा कमी-जास्त होतो. इथे तसं काही झालं नाही. मग त्यांनी जॅक लावला, मागचं चाक उचललं आणि मला म्हणाले, "दादा, हात लावा."

मी नक्षीवरून तळवा फिरवला. गुळगुळीत लागला.

"आता उलटा फिरवा."

उलटा फिरवला तर हाताला चक्क करवत लागली. नक्षीतल्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड उंच राहिली होती, दुसरी झिजून उतरली होती. टायर नुसता पाहिला तर काही कळत नव्हतं. खाचा होत्या, रबर होतं, कुठे चीर नव्हती. जे डोळ्यांना दिसलं नाही ते तळहाताला एका सेकंदात कळलं. "एकदा तरी मागचे पुढे केलेत का?" काकांनी विचारलं. २५ हजार किलोमीटर झाले होते आणि मी एकदाही टायर फिरवून लावले नव्हते. अलाइनमेंट तर मी खड्ड्यात गाडी जोरात आपटली तरच करून घ्यायचो.

तेव्हापासून मी टायरकडे नीट पाहतो आणि इतर गाडीवाल्यांशी या विषयावर बोलतो. प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. टायरची झीज म्हणजे गाडीचं दुखणं लिहून ठेवलेली वहीच आहे. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी ठेवून गाडी चालवली गेली. मध्य झिजला आणि कडा शाबूत, तर हवा जास्त. एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट बिघडलेलं. नक्षीवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर बहुधा शॉक अॅब्सॉर्बर दमलेले. खोपोलीच्या स्टँडवरचे जुने ड्रायव्हर हे सगळं जाता जाता, नुसतं वाकून, सांगतात.

आवाजाचंही तसंच. टायर फिरताना नक्षीच्या खाचांमध्ये हवा दाबली जाते आणि सुटते, ठोकळे रस्त्यावर आपटतात आणि सुटतात. सगळे ठोकळे एकाच मापाचे असते तर गाडीने शिट्टीसारखा एकच सूर धरला असता. म्हणून कंपन्या मुद्दाम लहान-मोठे ठोकळे मिसळून नक्षी आखतात, म्हणजे सूर फुटतो आणि कानाला नुसती सळसळ ऐकू येते. माझ्या टायरांनी झिजून झिजून ती आखणीच मोडून टाकली होती. त्यात द्रुतगती महामार्ग सिमेंटचा. पावसात पकड राहावी म्हणून काँक्रीट ओलं असतानाच त्यावर आडव्या बारीक रेघा ओढतात. त्या रेघांवर टायर गातात, सांध्यांवर ठेका धरतात. डांबर त्या मानाने आवाज पिऊन टाकतं. म्हणून आमच्या खालापूर-कर्जत भागातल्या गाडीवाल्याला एका तासात टायरचे तीन आवाज ऐकू येतात: गावच्या रस्त्यावर खडीची करकर, जुन्या हायवेवर डांबराची सळसळ आणि एक्स्प्रेसवेवर हे घुमणं. आपल्या गाडीचे हे तिन्ही आवाज ज्याला पाठ आहेत, त्याला चौथा आवाज आला की लगेच कळतो. माझ्या आईला कळला. तिला गाडी चालवता येत नाही.

खरं तर हवेचं चाक जन्मालाच आलं ते आवाज आणि धक्के कमी करायला. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा गाडी ओढायला सोपी जावी आणि तिचा आवाज कमी व्हावा, हाच हेतू त्याने लिहून दिला होता. कल्पना विसरली गेली. १८८७ मध्ये बेलफास्टमध्ये गुरांचा डॉक्टर असलेल्या जॉन डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ती पुन्हा शोधून काढली.

हा डनलॉप आपल्याकडच्या खेड्यात अगदी घरचा होऊन गेला. रबरी चाकांच्या बैलगाडीला लोक सरळ 'डनलॉप' म्हणू लागले. त्याआधी लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची. लोहार ती भट्टीत लाल करायचा, लाकडावर चढवायचा आणि वर पाणी ओतायचा. गार होताना धाव आकसायची आणि आरे, पुट्ठे सगळं आवळून धरायची. टायरला मराठीत शब्द नाही असं म्हणणाऱ्यांना मी 'धाव' हा शब्द सांगतो. आमच्या साजगावची यात्रा कार्तिकी एकादशीला सुरू होते. धाकटी पंढरी म्हणतात तिला, आणि सुक्या मासळीच्या बाजारामुळे आमच्या देवाला बोंबल्या विठोबा. बैलांचाही मोठा बाजार इथे भरत आला आहे. धाव असलेल्या गाड्या रात्री यात्रेला निघाल्या की त्यांचा खडखडाट लांबवर ऐकू यायचा आणि कुठली गाडी कुणाची ते आवाजावरून सांगता यायचं, असं गावातली म्हातारी माणसं सांगतात. डनलॉप आला आणि गाड्या मुक्या झाल्या.

आवाजाचं मी इतकं लिहिलं, पण आवाजाने कुणी मरत नाही. पकड सुटली तर मरतं. आणि आपल्या तालुक्यात पकडीची परीक्षा घेणारा घाट दारातच आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमधली गोष्ट. खंडाळ्याहून जुन्या रस्त्याने खोपोलीकडे उतरत होतो. पाऊस कोसळत नव्हता, नुसता लागून राहिला होता. डोंगरातून आलेलं पाणी रस्ता ओलांडून दरीकडे जात होतं. शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडच्या वळणावर वेग फार तर ४५ असेल. समोर एक टेम्पो अचानक थांबला. मी ब्रेक दाबला, पायाखाली पेडल थरथरलं, स्टीअरिंग वळवलं, आणि गाडी वळलीच नाही. सरळ जात राहिली. त्या दोन-तीन सेकंदांत हातात स्टीअरिंग असूनही माझ्या हातात काहीच नव्हतं. कठडा हातभर राहिला असताना गाडी थांबली. शेजारी माझी मुलगी बसली होती. ती काही बोलली नाही. खोपोली येईपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

घरी आल्यावर खोली मोजली. पुढच्या टायरांची नक्षी २ मिलिमीटर उरली होती. नव्या टायरची सुमारे ८ असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारला किमान १.६ लागते. म्हणजे माझे टायर कायद्याने पास होते.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की १.६ ही पावसाळ्यातल्या घाटाची मर्यादा नाही. कोरड्या रस्त्यावर नक्षीचं काम फारसं नसतं. शर्यतीच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर बिननक्षीच्याच टायरवर धावतात. नक्षी लागते ती पाणी बाहेर फेकायला. प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढाच. त्या तळहाताखालचं पाणी क्षणात बाजूला सारून रबर डांबरापर्यंत पोचवायचं काम खाचांचं. खाच उथळ झाली की पाणी सारायला जागा राहत नाही आणि रबर व डांबर यांच्यात एक पातळ थर उरतो. वाहनांनी घासून गुळगुळीत झालेल्या वळणावर तेवढा थर पुरतो.

वेग वाढला तर याहून वाईट होतं: चाक पाण्यावर तरंगायलाच लागतं. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून याचं एक साधं सूत्र काढलं. चाक ज्या वेगाला तरंगू लागतं तो वेग टायरमधल्या हवेच्या दाबावर अवलंबून असतो. त्या सूत्राने ३३ पीएसआय दाबाचा, नक्षी गेलेला टायर साचलेल्या पाण्यावर ताशी सुमारे ९५ किलोमीटरला तरंगू लागतो. हवा २५ असेल तर ८३ लाच. एक्स्प्रेसवेवर सपाटीला कारची मर्यादा १०० आहे. म्हणजे मर्यादा पाळणारा माणूसही, टायर गोटा झाले असतील तर, मुसळधार पावसात पाण्यावर चालत असतो. कर्जत-खालापूरला वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. विदर्भातल्या गाडीवाल्याचा हिशोब वेगळा. त्याला उन्हाची भीती. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर टायर फुटण्याचे अपघात वाढले आणि २०२३ मध्ये परिवहन विभागाने गाड्यांचे टायर तपासून खराब टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ते योग्यच झालं. पण आमचा शत्रू पाणी.

म्हणून टायर घेताना लोकांचा पहिला प्रश्न "किती चालेल?" असा असतो, तेव्हा मला वाईट वाटतं. "माझ्याने ६० हजार दिले," "माझ्याने ७०," अशी स्पर्धा चालते. जास्त चालणारा टायर वाईट असतो असं नाही, पण सर्वसाधारणपणे कडक रबर जास्त टिकतं आणि ओल्यात कमी धरतं. मऊ रबर धरतं आणि लवकर झिजतं. पकड, टिकाऊपणा आणि इंधनाची बचत या तिघांना एकत्र नांदवणं हेच टायर बनवणाऱ्यांचं अवघड काम. काजळीच्या जोडीला सिलिका मिसळायला लागल्यापासून, म्हणजे १९९० च्या दशकापासून, ते बरंच जमलं आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये ओल्या रस्त्यावरची पकड, चालताना होणारा विरोध आणि आवाज, या तिन्हींच्या कसोट्या टायरांना लावायची अधिसूचना काढली. कसोटीला उतरलेला टायरही झिजतो, हे मात्र आपण लक्षात ठेवायचं.

एका बाबतीत माझं आमच्या काकांशी पटत नाही. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते पुढे टाकायचे, असं ते आणि बहुतेक सगळे गॅरेजवाले सांगतात. इंजिनाचा जोर पुढे, स्टीअरिंग पुढे, म्हणून नवे पुढे, हे मनाला पटतंही. पण टायर कंपन्या नेमकं उलट सांगतात: चांगले टायर मागे. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि पाय सैल केला की पुष्कळदा सावरते. मागची सुटली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि साध्या माणसाला ती सावरता येत नाही. काकांनी माझं ऐकून घेतलं, मान हलवली नाही, पण टायर मी सांगितले तिथे लावून दिले.

आणखी एक गोष्ट, घाईत राहून जाते म्हणून सांगतो. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. दुकानात 'नवा' म्हणून मिळालेला टायर किती वर्षं पडून होता ते हे आकडे सांगतात. पैसे देण्याआधी वाचायचे. आणि हवा तपासायची ती सकाळी, गाडी गार असताना. घाट चढून आल्यावर तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि आपण आहे ती हवाही काढून टाकतो.

बोरघाटातून जाताना आपण शिंगरोबाला हात जोडतो, चालत्या गाडीतून नाणं टाकतो. घाटाची वाट दाखवणाऱ्या त्या धनगराचा मान आहे तो, मीही टाकतो. पण घाटात शिरताना टायर धड असणं हे काम आपलं आहे, ते त्याच्यावर टाकू नये.

मृग लागायच्या आधी काही तयारी करायची असते. शेतात राब भाजतात, घरांवरची कौलं परततात. तसंच एखाद्या सकाळी गाडी सावलीत लावा, स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि पुढच्या टायरवरून तळवा एकदा सुलटा, एकदा उलटा फिरवा. मग खोली मोजा. ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर पावसाआधी टायर बदला, १.६ ची वाट पाहू नका. खर्च मोठा आहे हे मला माहीत आहे; दोन टायर आता, दोन दिवाळीनंतर, असंही करता येतं. खोली मोजायची प्लास्टिकची पट्टी स्वस्तात मिळते. नसेल तर साजगावात माझ्याकडे या, माझी घेऊन जा.