टीव्हीचा चौकोन आणि शिट्टीवाला माणूस

परवा आपल्या मैदानावर बारा-तेरा वर्षांच्या पोरांची मॅच बघत होतो. पेनल्टी एरियात एक पोरगं पडलं, पंचांनी खेळ चालू ठेवला. लगेच चार पोरं पंचांकडे धावली आणि बोटांनी हवेत चौकोन काढायला लागली. टीव्हीचा चौकोन. म्हणजे व्हीएआर बघा! अहो, कॅमेरा राहू दे, त्या मैदानावर एका बाजूची रेषासुद्धा फक्कीनं नीट मारलेली नव्हती. आणि कडेला उभी असलेली आपली मोठी माणसं पोरांना गप्प करायचं सोडून पंचांवरच ओरडत होती. एकजण मोबाईल नाचवत होता, "माझ्याकडं व्हिडिओ आहे!"

हे कुठून आलं, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शनिवार-रविवार आपण प्रीमियर लीग बघतो. मॅच संपली की स्टुडिओत सुटाबुटातली माणसं एकच टॅकल दहा वेळा, दहा कोनांतून दाखवतात. तेच आपण सोमवारी कट्ट्यावर करतो.

स्पष्टच सांगतो, मी व्हीएआरच्या बाजूचा माणूस होतो. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये लॅम्पार्डचा शॉट बारला लागून जर्मनीच्या गोलमध्ये सरळ आत पडला, सगळ्या जगानं बघितला, फक्त पंचांना दिसला नाही. तेव्हा मीही म्हणालो होतो, लावा की कॅमेरे. पण बॉल रेषेच्या आत गेला की नाही, या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर असतं. ते काम मशीन चोख करतं. धक्का लागला तो फाऊल होण्याइतका होता का, याचं उत्तर कुठल्याच कॅमेऱ्यात नसतं. ते माणसानंच ठरवायचं असतं.

व्हीएआरचा नियमही खरं तर तेच सांगतो. गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड, अशा मोजक्याच गोष्टी तपासायच्या. त्यातही पंचांची चूक अगदी ढळढळीत असेल तरच हात घालायचा. स्लो मोशन कशासाठी, तर धक्का कुठे लागला, बॉल बाहेर गेला का, हे बघण्यासाठी. टॅकल किती जोरात होता, हे नेहमीच्या वेगातच बघायचं. टीव्हीवर बरोबर उलटं चालतं. स्लो मोशनमध्ये प्रत्येक टॅकल मुद्दाम केल्यासारखाच दिसतो. नियम विचारतो, "पंच उघड उघड चुकले का?" स्टुडिओ विचारतो, "तुमच्या मते पेनल्टी होती का?" या दुसऱ्या प्रश्नाला शेवटच नाही. आणि शेवट नाही म्हणूनच तो टीव्हीला परवडतो.

ऑफसाइडचंही तसंच. साधं गणित करा. कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम घेत असेल आणि फॉरवर्ड ताशी ३६ किलोमीटरनं पळत असेल, तर दोन फ्रेमच्या मध्ये तो २० सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. तरी आपण बोटभर फरकानं गोल रद्द होताना बघितले. क्रिकेटनं निदान 'अंपायर्स कॉल' ठेवून मान्य केलं की मशीनलाही मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये त्या रेषा जाड करायला दोन सीझन जावे लागले.

आणि मशीन बरोबर असलं तरी शेवटी खुर्चीत माणूसच असतो. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम-लिव्हरपूल. लुइस दियासचा गोल मैदानावर ऑफसाइड दिला गेला. व्हीएआर रूममध्ये चित्र स्वच्छ होतं, तो ऑफसाइड नव्हता. पण तिथल्या पंचाला वाटलं की मैदानावर गोलच दिलाय. त्यानं तपासणी पूर्ण म्हणून कळवलं आणि खेळ सुरू झाला. चूक लगेच कळली, पण एकदा खेळ सुरू झाल्यावर नियमानं मागे जाता येत नव्हतं. लिव्हरपूल २-१ हरलं.

दुसरा किस्सा ऑगस्ट २०२२ चा, चेल्सी-टॉटनहॅमचा. रोमेरोनं कुकुरेयाचे केस ओढले, सगळ्यांनी बघितलं. व्हीएआरला बसलेल्या माइक डीननी मैदानावरच्या पंचांना मॉनिटरकडे पाठवलंच नाही. का? नंतर एका पॉडकास्टवर त्यांनीच सांगितलं: पंच मित्र होते, आधीच तापलेल्या मॅचमध्ये त्यांचा ताप वाढवायचा नव्हता. म्हणजे कॅमेऱ्यानं सगळं दाखवलं, पण आड आला माणसाचा स्वभाव. हेच डीन पुढे टीव्हीवर पंचांच्या निर्णयांचं विश्लेषण करायला बसले!

मग व्हीएआर काढून टाकायचं का? नाही. २०२४ मध्ये वुल्व्ह्जनं तसा ठराव आणला, तो १९ विरुद्ध १ नं पडला. माझी तक्रार वेगळी आहे. 'बरोबर उत्तर कुठंतरी आहेच आणि पंच ते लपवतोय' ही सवय टीव्हीनं आपल्याला लावली. ती सवय, जिथं एकही कॅमेरा नाही अशा आपल्या मैदानांवर उतरलीय. तिथं भर उन्हात, थोडक्या मानधनावर, शिट्टी घेऊन एकटा माणूस पळतोय. त्याला रिप्ले नाही, दुसरा चान्स नाही. त्याला आईवरून शिव्या. उद्या तो म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा", तर मॅच कोण घेणार? स्टुडिओतली माणसं येणार आहेत का?

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्या मंडळांना माझं सांगणं आहे. २०२४ च्या युरोत नियम होता, पंचांशी फक्त कॅप्टननं बोलायचं. तो आपल्याकडे लावा, एक रुपया खर्च नाही. आणि तो चौकोन? पंचांकडे सारखा सारखा चौकोन करून दाखवणाऱ्याला यलो कार्ड, हे फुटबॉलच्या नियमातच लिहिलंय. पोरांना पहिल्याच दिवशी हे सांगा.

आणि कडेला उभ्या असलेल्या आपण मोठ्यांनी, मीही त्यात आलोच, पुढच्या रविवारी निदान तोंड आवरून बघूया. पोरं आपल्याकडंच बघून शिकतात.