ऐकून घरी जाऊ नका, गावात जाऊन शिकवा



दर बैठकीला तेच घडते. समोर कुणी पदवीवाला बोलतो, माना डोलतात, पत्रकाची घडी खिशात जाते. घरी शेजारी विचारतो, 'काय सांगितलं रे?' उत्तर येते, 'चांगलं बोलले.' काय चांगले बोलले, ते मात्र सांगता येत नाही. ज्याला सांगता येत नाही, त्याला ते कळलेलेच नसते. हे आम्ही स्वतःवरून बोलतो आहोत.

आम्ही कृषीची पदवी घेतली. गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम परीक्षेत लिहून गुणही मिळवले. 2017 साली या अळीने महाराष्ट्रभर कपाशी पोखरली. त्यानंतर येवल्याच्या पूर्वेला, पालखेडच्या पाटाचे पाणी न पोचणाऱ्या एका गावात आम्ही पाठ केलेले म्हणून दाखवत होतो: हेक्टरी 5 कामगंध सापळे लावा, सलग 3 रात्री एका सापळ्यात 8 पतंग सापडले की उपाय करा. एका बाईने अडवले, 'तीनच रात्री का?' दुसरी म्हणाली, 'बोंडाला भोक दिसत नाही, मग अळी आत गेली कुठून?' आम्ही थातूरमातूर काहीतरी सांगितले. त्यांना पटले नाही, आम्हालाही नाही.

त्या रात्री पुस्तके काढली, मग रोज बोंडे फोडत बसलो. वारा, पाऊस, चांदणे यांनी एका रात्रीची मोजणी वरखाली होते, म्हणून तीन रात्री. अंड्यातून निघालेली अळी इतकी बारीक, की ती कोवळ्या बोंडात शिरल्यावर छिद्र बुजून जाते. आणि आत बसलेल्या अळीपर्यंत वरची फवारणी पोचतच नाही! हे आम्ही कॉलेजात लिहिले होते. अर्थ लागला तो त्या बाईमुळे. हा अर्थ न लावता फवारे मारण्याची किंमत थोडी नाही. त्याच 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर मेले.

ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या पैशावर 'प्रशिक्षण आणि भेट' योजना चालली. दर पंधरा दिवसांनी सरकारी माणूस येणार, संपर्क शेतकऱ्याला निरोप देणार, त्याने तो पुढे द्यायचा. म्हणजे टपाल्याचे काम. पत्रे वाटून टपाली शहाणा होतो काय? इंडोनेशियात 1989 पासून भाताच्या शेतीशाळा भरल्या, त्यात शेतकऱ्यांनी स्वतः बांधात उतरून किडी मोजल्या, एकमेकांना समजावले, आणि त्यांतलेच काही पुढे शिकवू लागले. शेतीशाळा आपल्याकडेही आल्या. पण तिथेही सतरंजी घालून भाषण सुरू झाले, की तीही सभाच.

आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, अर्धवट शिकलेला माणूस चुकीचे शिकवील. शिकवू द्या. गावासमोर चुकला तर गाव त्याचा कान धरील आणि तो नीट शिकून येईल. दुकानदार चुकीची बाटली देतो, त्याला कोण विचारतो? (उधारी असते ना त्याच्याकडे.) दुसरे काही जण मुद्दामच सांगत नाहीत, शेजाऱ्याचे पीक आपल्यापेक्षा चढ होईल या भीतीने. शेजाऱ्याने फरदड ठेवली तर तिच्यातला पतंग तुमचा बांध ओळखून मागे फिरणार आहे काय?

तेव्हा येवल्याच्या पुढच्या बैठकीत आम्ही बोलणार नाही. प्रत्येक गावाने एक माणूस पाठवावा, बाई असेल तर उत्तमच. आपल्या शेतातली 20 हिरवी बोंडे वेगवेगळ्या झाडांवरून तोडून आणावीत आणि सर्वांसमोर फोडावीत. दोनात अळी निघाली म्हणजे काय, तिथून पुढे काय करायचे, हे त्यानेच समजावायचे. ज्वारीवाल्यांनी खरिपाची पेरणी लांबली की खोडमाशी का वाढते, ते सांगायचे. उत्तर अडले तर 'माहीत नाही' म्हणायचे आणि प्रश्न वहीत लिहून न्यायचा. आम्ही मागच्या रांगेत बसून प्रश्न विचारू, आणि सोपे विचारणार नाही.